किल्ला स्पर्धेचा निकाल कोडमधनं कसा लावायचा: दोन-दोनची तुलना, आणि बरोबरी झाली तर काय करायचं

दिवाळी आली की बेळगावात गल्लीगल्लीत पोरं किल्ले करायला बसतात हे नव्यानं सांगायला नको. खानापूरकडनं टेम्पोतनं लाल माती येते, पोती भिजत पडतात, हळीव पेरून गवत उगवतात, आणि कुणाचा राजगड कुणाचा पारगड यावरनं चर्चा सुरू होते. आमच्या गल्लीचं मंडळ दरवर्षी स्पर्धा घेतं आणि मी उद्यमबागेत कोड लिहिण्याचं काम करतो म्हणून दोन वर्षांमागं मंडळातल्या अण्णांनी निकालाचं काम माझ्या गळ्यात घातलं, "तू कॉम्प्युटरवाला न्हवं, तूच लाव निकाल, भांडणं नकोत." भांडणं दोन्ही वर्षी झाली. त्यातनं जे शिकलो ते लिहायलोय, तुम्हाला किल्ल्यांच्या जागी रांगोळी, भजनी मंडळ, नोकरीचे अर्ज काय पण घाला, कोड तोच राहतो.

पहिल्या वर्षी साधं केलं होतं, तीन परीक्षक, दहापैकी मार्क, सरासरी. यातली गंमत अशी की एक परीक्षक सगळ्यांना सात नाहीतर आठ देतो आणि दुसरा चार ते नऊ असा मोकळा फिरतो, मग सरासरी काढली की निकाल त्या दुसऱ्याचाच लागतो, पहिल्याचं मत जवळजवळ नसल्यासारखंच. शिवाय पहिल्यांदा बघितलेल्या किल्ल्याला कोण नऊ देत नाही, पुढं काय असेल ठाऊक नसतं ना. म्हणून मार्क सोडा आणि दोन किल्ले समोर ठेवून एकच विचारा, यातला भारी कुठला. माणसाला "याला किती मार्क" हे सांगायला जड जातं, "हा की तो" हे पटकन सांगता येतं. थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२७ साली यावर पेपर लिहिलाय, म्हणजे आयडिया जुनीच आहे.

आता जोड्या किती होतात बघा. किल्ले न असतील तर न गुणिले (न वजा एक), भागिले दोन. सहाच्या १५, बाराच्या ६६, तीसच्या ४३५. बारापर्यंत सगळ्या जोड्या विचारा, परीक्षकांना चहा पाजा आणि विचारा, उगाच शॉर्टकट मारू नका. मर्ज सॉर्टसारखं (निम्म्या-निम्म्या रांगा लावून त्या जोडायची रीत) डोकं लावून विचारलं तर बारा किल्ल्यांचं तीसेक प्रश्नांत भागतं हे खरं, पण तिथं एक उत्तर चुकीचं गेलं की त्याच्यामागं सगळी रांग चुकते, आणि परत विचारायला जागाच नसते.

जोड्या काढायचं कोड दोन लूपचं आहे:

प्रत्येक अ साठी, पहिल्यापासून शेवटपर्यंत
    प्रत्येक ब साठी, अ च्या पुढच्यापासून शेवटपर्यंत
        जोडी (अ, ब) यादीत टाक

पायथनमध्ये एवढं पण लिहायला नको, आयटरटूल्समधलं कॉम्बिनेशन्स हेच करून देतं. पण नंतर दोन कामं विसरायची नाहीत, एक म्हणजे जोड्यांची यादी पिसायची, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक जोडीत डावा कोण उजवा कोण हे पण नाणं उडवल्यासारखं बदलायचं. आम्ही आधी परीक्षकांना सगळे किल्ले फिरवून आणतो आणि मग फोनवर दोन-दोन फोटो शेजारी दाखवून विचारतो, तिथं एक परीक्षक कंटाळला की सरळ डावीकडचंच दाबत सुटायचा. डावं-उजवं पिसलेलं असलं की त्याचा कंटाळा सगळ्यांच्यात सारखा वाटला जातो.

आणि "सारखेच आहेत" हे तिसरं बटण ठेवाच. नाही ठेवलं तर माणूस काहीतरी दाबतो आणि ते मत म्हणून धरलं जातं.

प्रत्येक मत एक ओळ म्हणून साठवा: परीक्षक कोण, डावा किल्ला, उजवा किल्ला, उत्तर, वेळ. नुसती बेरीज साठवू नका, जागा वाचवायला वगैरे तर अजिबात नको, छत्तीस पोरांचं भांडण मिटवायला पुढं ह्याच ओळी लागतात.

आता माझी खरी चूक सांगतो. गेल्या वर्षी मतं आली, प्रत्येक जोडीत बहुमतानं कोण जिंकलं ते काढलं, आणि मी म्हणलो आता काय, तुलना करणारं फंक्शन आहेच की, द्या सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या तयार फंक्शनला. पायथनमध्ये फंकटूल्सचं सीएमपी टू की लावलं, यादी आली, राजगड पहिला. माईकवर जाहीर पण झालं. तासाभरात मित्रानं तीच फाईल त्याच्या लॅपटॉपवर चालवली, त्याच्याकडं ओळींचा क्रम वेगळा होता, आणि त्याच्या यादीत पारगड पहिला. कोड तोच, मतं तीच. पारगडवाली पोरं चिखलाच्या हातानिशी माझ्या दारात.

झालं असं होतं. वरचे तीन किल्ले आणि त्यांची आपसातली मतं ही अशी:

राजगड विरुद्ध पारगड: २–१
पारगड विरुद्ध सिंधुदुर्ग: ३–०
सिंधुदुर्ग विरुद्ध राजगड: २–१

राजगड पारगडपेक्षा भारी, पारगड सिंधुदुर्गपेक्षा भारी, आणि सिंधुदुर्ग परत राजगडपेक्षा भारी. गोल. ह्या आकड्यांत तर एका परीक्षकाची स्वतःचीच मतं गोल फिरलेली आहेत, पण तसं नसलं, प्रत्येकाचं मत आपापल्या जागी सरळ असलं, तरीसुद्धा बहुमत गोल फिरू शकतं, फ्रान्समधल्या काँदोर्सेनं हे १७८५ मध्ये लिहून ठेवलंय. सॉर्टला मात्र असं गोल चालत नाही. सॉर्ट सगळ्या जोड्या तपासतच नाही, अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर, म्हणजे अ हा क च्या वर असणारच असं धरून चालतं, वेळ वाचतो तो त्यातनंच. राजगड, पारगड, सिंधुदुर्ग ह्या क्रमानं यादी दिली तर शेजारशेजारचे दोन्ही बरोबर दिसतात म्हणून ती तशीच परत देतं. पारगड, सिंधुदुर्ग, राजगड अशी दिली तर ती पण तशीच परत. सिंधुदुर्ग, राजगड, पारगड दिली तर ती पण. तीन क्रम, तीन वेगळे पहिले नंबर, आणि एरर एक नाही. जावा ह्या बाबतीत बरं, सातव्या व्हर्जनपासनं कधीकधी "तुमचं तुलनेचं फंक्शन करार मोडतंय" अशा अर्थाचा एक्सेप्शन टाकतं, पण ते पण दरवेळी पकडेलच असं नाही, लहान यादीत तर गप्पच बसतं.

म्हणून नियम असा: माणसांचं मत कधीच सॉर्टच्या तुलना फंक्शनमध्ये थेट घालू नका. आधी मतांवरनं प्रत्येक किल्ल्याला एक आकडा काढा आणि मग आकड्यांना सॉर्ट करा, आकडे गोल फिरत नाहीत.

आकडा काढायची साधी पद्धत म्हणजे कबड्डीच्या टेबलासारखं, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच. मॅच जिंकली २, बरोबरी १, हरली ०. कोपलँडच्या नावानं ओळखतात ही पद्धत. एक, अर्धा, शून्य असं पण चालतं, पण मला पूर्णांक आवडतात, पुढं बेरीज-तुलना करताना दशांशाचा घोळ नको. आमच्या सहा किल्ल्यांचं टेबल असं निघालं: राजगड ८, पारगड ८, सिंधुदुर्ग ८, प्रतापगड ४, राजहंसगड १, पन्हाळा १. बेरीज ३०, पंधरा मॅच गुणिले दोन, बरोबर. ही बेरीज कोडमध्येच तपासून घ्या, कुठली जोडी दोनदा मोजली गेली तर इथंच सापडते.

आता वर तिघं बरोबरीत आणि खाली दोघं. सगळी कटकट इथनं पुढंच आहे.

बरोबरी फोडायची पायरी-पायरीनं. फुटबॉलमध्ये हे फार व्यवस्थित लिहिलेलं असतं, २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये जपान आणि सेनेगलचे पॉइंट सारखे, गोलफरक सारखा, मारलेले गोल सारखे, आपसातली मॅच २–२, शेवटी पिवळी कार्डं मोजली, जपानची ४ आणि सेनेगलची ६, जपान पुढं गेलं. सेनेगलवाल्यांना वाईट वाटलंच असणार पण पायरी आधीच छापलेली होती. आमच्या पायऱ्या आता अशा आहेत. आधी बरोबरीत असलेल्यांच्या आपसातल्या मॅचचे गुण. ते पण सारखे असतील तर आपसातल्या मॅचमधली मतं मोजायची, म्हणजे ३–० नं जिंकणं आणि २–१ नं जिंकणं यात फरक धरायचा. तिथं पण सारखं, तर सगळ्या मॅचमधली मिळून मतं. त्यानंतर पण सारखं असेल तर नंबर वाटून द्यायचा.

आमच्या तिघांचं करून बघू. आपसातले गुण प्रत्येकी २, गोल आहे म्हणल्यावर फुटणार नाहीच. आपसातली मतं: पारगडला राजगडविरुद्ध १ आणि सिंधुदुर्गविरुद्ध ३, एकूण ४. राजगडला २ आणि १, एकूण ३. सिंधुदुर्गला ० आणि २, एकूण २. झालं की, पारगड, राजगड, सिंधुदुर्ग. गेल्या वर्षी त्याच रात्री मी हे असं दुरुस्त करून अण्णांना दाखवलं, आणि सकाळी सिंधुदुर्गवाली पोरं आली, त्यातला सगळ्यात बारका म्हणतो, "दादा, पारगडनं आम्हाला हरवलं, मान्य. पण राजगडला आम्ही हरवलंय की ओ, मग तो आमच्या वर कसा?"

मला काय बोलायला सुचलं नाही. पोरगं बरोबर होतं.

बरोबरी फोडायच्या फंक्शनचे दोन प्रकार आहेत, आणि बहुतेक लोक नकळत पहिला लिहितात. पहिला बादल्यांचा: एका पायरीचा आकडा काढला, सारखे आकडेवाले एका बादलीत, बादल्या उतरत्या क्रमानं, ज्या बादलीत एकापेक्षा जास्त उरले तिथंच पुढची पायरी. ह्यात ४, ३, २ आलं की तिघंही एकदम सुटतात, संपलं. दुसरा वरचा काढायचा: पायरीचा आकडा काढला, फक्त सगळ्यात वरचा बाजूला घेतला, आणि उरलेल्यांसाठी परत पहिल्या पायरीपासनं सुरुवात, कारण आता गट बदललाय, गोल मोडलाय. पारगड वर गेला की राजगड आणि सिंधुदुर्ग दोघंच उरतात, त्यांच्या आपसात सिंधुदुर्ग २–१, म्हणजे सिंधुदुर्ग दुसरा आणि राजगड तिसरा.

कोड असं दिसतं:

फोड(गट):
    गटात एकच असेल तर तोच परत दे
    प्रत्येक पायरीसाठी, क्रमानं:
        गटातल्या प्रत्येकाचा आकडा काढ, गट धरून
        सगळ्यांचे आकडे सारखे असतील तर पुढची पायरी
        नाहीतर:
            वरचे = ज्यांचा आकडा सगळ्यात मोठा ते
            उरलेले = बाकीचे
            फोड(वरचे) आणि त्यामागं फोड(उरलेले) परत दे
    इथपर्यंत आलं तर सगळ्यांना एकच नंबर दे

दरवेळी गट लहानच होतो म्हणून हे अडकून बसत नाही. "गट धरून" हे दोन शब्द महत्त्वाचे, आपसातले गुण हे गटात कोण-कोण आहे त्यावर बदलतात, म्हणून आपसातला निकाल सॉर्टच्या कीमध्ये (ज्या आकड्यावरनं सॉर्ट क्रम लावतं ती की) घालता येत नाही. लोक गुण, मतं आणि आपसातला निकाल असं एकच टपल (क्रमानं ठेवलेल्या आकड्यांचा एक गठ्ठा) करून सॉर्टला देतात आणि दोघांच्या बरोबरीत ते चालतं म्हणून खूश होतात, तिघं आले की कोसळतं. गुण, मग एकूण मतं, एवढंच असेल तर टपल उत्तम, पायथन पहिला आकडा बघतं, सारखा असेल तर दुसरा, मोठा वर पाहिजे म्हणून आकडे उणे करून द्यायचे, बास.

कुठला प्रकार बरोबर असं पुस्तकी उत्तर नाही, पण मी दुसऱ्याच्या बाजूचा झालोय आणि त्याला एक कारण आहे. तिघांच्या मिळून सहा प्रकारे रांगा लागतात, प्रत्येक रांग नऊपैकी किती मतांशी जुळते ते मोजून बघा. पारगड, राजगड, सिंधुदुर्ग ही रांग ५ मतांशी जुळते. पारगड, सिंधुदुर्ग, राजगड ही ६ शी. म्हणजे बारकं पोरगं जे म्हणत होतं तेच आकडे म्हणतात. गंमत म्हणजे राजगड, पारगड, सिंधुदुर्ग ही रांग पण ६ शीच जुळते, त्यामुळं "सगळ्या रांगा तपासून सगळ्यात जुळणारी घ्या" असं कोण म्हणलं तर तिथं पण बरोबरीच हातात येते. ती पद्धत केमेनीची, सहा किल्ल्यांना ७२० रांगा, आठला ४०,३२०, लॅपटॉपला काहीच नाही, पण बाराला ४७ कोटी ९० लाखांच्या वर जातात, मग चहा प्यायला जा.

खालच्या दोघांचं लवकर मिटलं. राजहंसगड आणि पन्हाळा यांच्यात एक मत याला, एक त्याला, एक "सारखेच". पहिल्या दोन्ही पायऱ्या सारख्या, मग बाकीच्या मॅचमधली मतं, राजहंसगडला ३ आणि पन्हाळ्याला १. राजहंसगड पाचवा. येळ्ळूरचा आपला किल्ला म्हणून परीक्षकांनी थोडी माया केली असेल, असो, त्याला कोडमध्ये पायरी नाही.

सगळ्या पायऱ्या संपून पण सारखेच राहिले तर नंबर वाटून देताना १, २, २, ४ द्यायचे की १, २, २, ३ हे मंडळाला आधीच विचारा. मी पहिलंच वापरतो, दोघं दुसरे आले तर तिसरं कोण नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या बक्षिसाची बेरीज करून निम्मं निम्मं. ढाल एकच असेल आणि एकच नाव पाहिजे असेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठी टाका. कोडमध्येच चिठ्ठी टाकायची असेल तर रँडमला ठरवलेलं सीड (सुरुवातीचा आकडा, तो तोच ठेवला की चिठ्ठी पण तीच निघते) द्या, ते सीड कागदावर आधी लिहून ठेवा, आणि चिठ्ठी सॉर्टच्या आधी प्रत्येकाला एकदाच द्या. तुलनेच्या फंक्शनच्या आत रँडम बोलवणारी मंडळी मी बघितली आहेत, तिथं एकच जोडी दोनदा विचारली तर दोन उत्तरं येतात.

नोंदणीच्या नंबरावरनं बरोबरी फोडू नका, आधी आला म्हणून किल्ला चांगला होत नाही. नावावरनं तर नकोच, आणि नुसतं छापायला नावानं लावायचं असेल तरी एक खाच आहे, युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढं बसतो, व च्या आधी, आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, म्हणून साध्या सॉर्टनं आलेली मराठी यादी शाळेतल्या मास्तरांना चुकीची वाटते. मराठीचे नियम लावणारी लायब्ररी घ्या.

दोन-तीन बारक्या चुका पटापट सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये तुलनेच्या फंक्शनमधनं खरं-खोटं परत देऊ नका, उणे, शून्य, अधिक असा आकडा पाहिजे, नाहीतर काही ब्राउझरमध्ये नीट आणि काहीत उलटंपालटं. जावामध्ये पहिल्यातनं दुसरा वजा करून देऊ नका, आकडे मोठे असले की उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही, ओव्हरफ्लो होऊन चिन्ह उलटतं, तयार कंपेअर आहे ते वापरा. आणि "अर्ध्यापेक्षा कमी फरक असेल तर सारखे समजा" असं तर मुळीच नको: ७.०, ७.४ आणि ७.८ घ्या, पहिला-दुसरा सारखे, दुसरा-तिसरा सारखे, पण पहिला-तिसरा सारखे नाहीत, परत सॉर्ट गंडलं. फरक दुर्लक्षित करायचाच असेल तर आधी राउंड करा आणि मग तुलना करा.

किल्ले पन्नास-साठ असतील आणि सगळ्या जोड्या विचारणं शक्य नसेल तर नुसते जिंकलेले मोजून चालत नाही, कारण एकाला सगळे कच्चे भेटले आणि दुसऱ्याला सगळे पक्के. तिथं ब्रॅडली-टेरी वापरा, १९५२ चं मॉडेल आहे, समोरचा किती तगडा ते धरून ताकद काढतं. त्यात जो एकदाही हरला नाही त्याची ताकद अनंताकडं पळते, म्हणून प्रत्येकाला एका खोट्या किल्ल्याशी अर्धी जिंकलेली आणि अर्धी हरलेली मॅच द्या, गाडी रुळावर येते. बुद्धिबळातलं एलो (प्रत्येक मॅचनंतर खेळाडूचा आकडा वर-खाली करायची पद्धत) पण चालेल, ४०० चा फरक म्हणजे अकरात दहा वेळा जिंकणार असा हिशोब, फक्त एलोमध्ये मॅच कुठल्या क्रमानं आल्या त्यावर आकडा बदलतो, स्पर्धेच्या निकालाला ते मला पटत नाही.

शेवटी टेस्ट. इनपुटच्या ओळी हजार वेळा पिसून चालवा, हजारही वेळा निकाल एकच आला पाहिजे, ही एक टेस्ट मी गेल्या वर्षी केली असती तर दारात पोरं आली नसती. डावं-उजवं उलटं करून चालवा. सगळी मतं "सारखेच" अशी फाईल घाला, सगळे पहिले आले पाहिजेत. एकच किल्ला घाला, रिकामी फाईल घाला.

आणि निकालात नंबरासोबत कारण पण छापा: "सिंधुदुर्ग, दुसरा, गुण ८, पारगड वर गेल्यावर राजगडविरुद्ध २–१." गेल्या वर्षी अण्णांनी तिन्ही किल्ल्यांना पहिलं बक्षीस आणि कुंद्याचा एकेक डबा देऊन प्रकरण मिटवलं होतं. यंदा दिवाळीच्या आधी, पायऱ्या पोरांना कळाव्यात म्हणून, तीच जुनी मतं नव्या कोडमधनं काढून कागद मंडळाच्या फळ्यावर चिकटवला. राजगडवाली पोरं बराच वेळ समोर उभी होती, बोटांवर मोजत. पहिल्याचा तिसरा झाल्यावर काय, येणारच.

मग त्यातला एक आला. "दादा, हिशोब बरोबर हाय. फक्त सिंधुदुर्गला मत दिलेले ते दोघं कोण तेवढं सांगा."

परीक्षकाच्या नावाचा कॉलम फळ्यावरच्या कागदात छापायचा नाही, हे वर सांगायचं राहिलं.